आपल्या चळवळीचं चित्रण कुणाच्या यंत्रात राहणार?

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत आज प्रत्येक हातात मोबाईल असतो. रेणापूरच्या रस्त्यावर असो की लातूरच्या आंबेडकर पार्कात, एकाच भाषणाचं दहा जण एकाच वेळी शूटिंग करतात, चार जण लाईव्ह जातात. मग आम्ही एक साधा प्रश्न विचारतो : पाच वर्षांपूर्वीच्या जयंतीचं शूटिंग कुणाकडे आहे? उत्तर येतं, तो फोन पाण्यात पडला. ते अकाउंट बंद झालं. पासवर्ड विसरला. मेमरी भरली म्हणून डिलीट केलं. ज्याचं चॅनल होतं तो पुण्याला कंपनीत गेला, आता बोलत नाही.

म्हणजे शूटिंग रोज होतं आणि जपणूक काहीच होत नाही. हजारो वर्षं ज्यांना लिहू दिलं नाही, ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला किंवा लिहिलाच नाही, त्या समाजाच्या हातात आज कॅमेरा आला आहे. पण कॅमेऱ्यातून निघालेलं सगळं आपण परक्याच्या गोदामात नेऊन टाकतो आणि किल्लीही त्याच्याकडेच ठेवतो. याला आमचा विरोध आहे. आमचं म्हणणं असं की प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी, कुणाच्या तरी घरात किंवा विहाराच्या एका खोलीत, चळवळीचा स्वतःचा एक सर्व्हर असला पाहिजे. जुन्या कॅसेट त्यात उतरवाव्यात, नवं शूटिंग त्यात साठवावं आणि वस्तीतल्या वस्तीत ते दाखवता यावं. ही चैन आहे की गरज, एवढंच या लेखात तपासायचं आहे.

छापखाना आणि सर्व्हर

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. हा प्रसंग आपण प्रत्येक भाषणात सांगतो, टाळ्या घेतो, पण त्यातून काय शिकायचं ते शिकत नाही. दुसऱ्याचा मंच हा दुसऱ्याच्या मर्जीवर चालतो. पैसे मोजायची तयारी असली तरी मर्जी त्याचीच. म्हणून पुढे 'बहिष्कृत भारत' आला, 'जनता' आला, ४ फेब्रुवारी १९५६ ला 'जनता'चा 'प्रबुद्ध भारत' झाला. बाबासाहेब नुसतं वर्तमानपत्र काढून थांबले नाहीत, त्यांनी चळवळीचा स्वतःचा छापखाना उभा केला. लेख आपला, टाईप आपले, यंत्र आपलं, जागा आपली. लोकांच्या वर्गणीतून छापखाना चालवणं सोपं नव्हतं, कर्ज होतं, ओढाताण होती. तरी त्यांनी तो हट्ट सोडला नाही, कारण लेखणी आपली आणि यंत्र परक्याचं असेल तर लेखणीला अर्थ राहत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

त्याच दादरच्या आंबेडकर भवनावर आणि बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेसवर २५ जून २०१६ च्या पहाटे बुलडोझर फिरला. लोक झोपेत असताना भिंती पडल्या. लाखो लोक रस्त्यावर आले, निषेध झाला. पण भिंतीखाली काय काय गेलं याचा हिशेब आजही पूर्ण लागत नाही. एकाच ठिकाणी ठेवलेली एकमेव वस्तू एका रात्रीत जाऊ शकते, हा त्या पहाटेचा धडा. हा धडा सर्व्हरलाही लागू आहे, त्याकडे आम्ही पुढे येऊ.

आज छापखान्याची जागा कशाने घेतली आहे? व्हिडिओने. आपला तरुण लेख वाचतो त्यापेक्षा कितीतरी जास्त बघतो. मग आजचा छापखाना म्हणजे ज्या यंत्रात तो व्हिडिओ साठतो आणि जिथून तो दाखवला जातो ते यंत्र. ते आज आपलं नाही.

नामदेवराव व्हटकरांनी काय केलं होतं

६ डिसेंबर १९५६. दिल्लीत बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. दुसऱ्या दिवशी मुंबईत राजगृहापासून दादर चौपाटीपर्यंत अंत्ययात्रा निघाली. जगातल्या मोठ्या अंत्ययात्रांपैकी एक. तिचं चित्रीकरण करायला कोण पुढे आलं? लेखक आणि चित्रपट व्यवसायात वावरलेले नामदेवराव व्हटकर. त्यांनी पदराला खार लावून कॅमेरा मिळवला, फिल्म मिळवली आणि ती अंत्ययात्रा टिपली. आज आपण ६ डिसेंबरला मोबाईलवर जी दृश्यं बघून डोळे पुसतो, त्यांच्यामागे या माणसाची पदरमोड आहे. आपल्यापैकी किती जणांना त्यांचं नाव माहीत आहे?

त्या काळी कॅमेरा भाड्याने घेणं म्हणजे घरदार पणाला लावणं होतं. तरीही एका माणसाला वाटलं की हे टिपलं पाहिजे, आपल्यातल्याच कुणीतरी टिपलं पाहिजे, दुसरा कुणी करेल याची वाट बघता येणार नाही. आज टिपायला खर्च नाही. खर्च आहे तो जपण्याचा, तोही एका मध्यम लग्नातल्या मंडपापेक्षा कमी. तरी आपण तो करत नाही.

मराठवाड्याची कोरी पानं

आता आपल्या भागाकडे या. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या गावोगावच्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना मारलं. कितीतरी कुटुंबं गाव सोडून परागंदा झाली. पुढे सोळा वर्षं लढा चालला. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला.

या सोळा वर्षांचं हलतं-बोलतं चित्रण आपल्या हातात किती आहे? १९७८ मध्ये वस्तीत कॅमेरा नव्हता, ते समजू शकतं. पण ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावात व्हिडिओ शूटिंगवाले आले होते. लग्नाचं शूटिंग करता करता त्यांनी जयंतीचं केलं, धम्म परिषदेचं केलं, मोर्चाचं केलं, गायन पार्ट्यांच्या रात्रभर चाललेल्या सामन्यांचं केलं. त्या व्हीएचएस कॅसेट आज कुठे आहेत? ट्रंकेत, माळ्यावर, धान्याच्या कोठीमागे. नामांतराच्या लढ्यात तुरुंगात गेलेल्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचा तरुणपणीचा आवाज, घोषणा देतानाचा चेहरा एखाद्या अशाच कॅसेटमध्ये असेल. कॅसेट बघायला घरात व्हीसीआर नाही, म्हणून नातवाला वाटतं ते भंगार आहे.

ही कॅसेट वाट बघत थांबत नाही. प्लास्टिकच्या पट्टीवर लोहाच्या संयुगाचा थर असतो, त्यातलं चुंबकत्व वर्षागणिक क्षीण होतं. पावसाळ्यातल्या ओलीने पांढरी बुरशी चढते. पट्टी चिकटते, तुटते. दुसरीकडे ती वाजवणारं यंत्रच संपत चाललं आहे : व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आता जे जुने व्हीसीआर उरलेत तेवढेच. चालू व्हीसीआर आणि चालू कॅसेट दोन्ही एकत्र मिळण्याची शेवटची काही वर्षं आपल्या हातात आहेत.

आणि लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा माणसं गेली, घरं गेली आणि घरांबरोबर फोटो, कागद, वह्या, सगळं मातीखाली गेलं. ज्यांच्या घरच्या माणसाचा एकही फोटो उरला नाही अशी कुटुंबं आपल्याच जिल्ह्यात आहेत. एकच प्रत, एकाच घरात, हा धोका आपण डोळ्यांनी पाहिलेला आहे.

लागतं काय?

सर्व्हर म्हटलं की लोकांना वाटतं वातानुकूलित खोली, लाखो रुपये, इंजिनिअर. तसं काही नाही. आठ-दहा वर्षं जुना, कुणाच्या ऑफिसातून निघालेला डेस्कटॉप संगणक चालतो. त्यात एक मोठी हार्डडिस्क बसवायची. त्यावर लिनक्स टाकायचं, ते फुकट आहे. चालू स्थितीतला एक व्हीसीआर शोधायचा आणि त्याचं हेड साफ करून घ्यायचं. व्हीसीआरच्या मागून तीन रंगांच्या वायरी निघतात, पिवळी चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. त्या एका छोट्या यूएसबी कॅप्चर यंत्राला जोडायच्या आणि ते संगणकाला. संगणकावर एफएफएमपेग किंवा ओबीएस यांसारखं मोफत सॉफ्टवेअर लावलं की कॅसेट वाजत जाते आणि फाईल तयार होत जाते.

यात घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरायला तीनच तास लागतात. शंभर कॅसेट म्हणजे तीनशे तास. रोज एक कॅसेट लावली तर शंभर दिवस. आपल्याकडच्या पाल पद्धतीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, सेकंदाला २५ फ्रेम. डीव्ही पद्धतीने फारसं न दाबता ठेवलं तर तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. म्हणजे तीनशे तासांना सुमारे ३,९०० जीबी, चार टेराबाइटची एक डिस्क जेमतेम भरेल. रोज बघण्यासाठी लहान प्रत काढली तर तासाला २ जीबी पुरतात, तेच तीनशे तास ६०० जीबीत मावतात. आमचं मत असं की दोन्ही ठेवावं, मोठी प्रत जपण्यासाठी आणि लहान प्रत बघण्यासाठी.

मग जेलीफिनसारखं मोफत सॉफ्टवेअर त्याच संगणकावर चालवलं की घरातल्या वायफायला जोडलेला कुठलाही मोबाईल, कुठलाही टीव्ही ती फाईल बघू शकतो. यादी समोर येते, बोट लावलं की सुरू. आजीला आपलं १९९४ चं भाषण टीव्हीवर बघता येतं. त्यासाठी इंटरनेटचा एक रुपयाही लागत नाही.

वीज? असा साधा संगणक सरासरी ४० वॅट खातो असं धरा. चोवीस तास चालवला तरी महिन्याला २९ युनिटच्या आसपास. भारनियमनाच्या दिवसांत इन्व्हर्टर लागेल, पण तो आज विहारातही असतो.

यात यंत्रापेक्षा जास्त महत्त्वाचं काम वहीचं आहे. कोणती कॅसेट, कुणाच्या घरून आली, कोणत्या तारखेची, कोणतं गाव, कोण बोलतंय, मागे बसलेलं कोण, शूटिंग कुणी केलं. नाव नसलेला व्हिडिओ म्हणजे बेवारस. आणि चेहरे ओळखणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून कॅसेट उतरवताना एक तरुण संगणकापाशी आणि एक जुनी बाई किंवा बुवा टीव्हीपाशी, अशी जोडी बसली पाहिजे.

पुरावा कुणाच्या हातात

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, आठवणी जपायच्या तर जपा, त्यात चळवळीचा काय संबंध? आता त्या संबंधाकडे येऊ.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा माणसं मेली. पोलिसांची बाजू काय होती? जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. गुंडेवार आयोगाने तो बचाव मान्य केला नाही, गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने मनोहर कदम याला जन्मठेप दिली. बारा वर्षं लागली. आनंद पटवर्धनांनी या प्रकरणापासून सुरुवात करून चौदा वर्षं कॅमेरा चालू ठेवला तेव्हा २०११ मध्ये 'जय भीम कॉम्रेड' उभा राहिला. चौदा वर्षांची फुटेज जपून ठेवली नसती तर तो चित्रपट झालाच नसता.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या पोलीस कारवाईत वस्तीत काय झालं, ते लोकांच्या मोबाईलमधून बाहेर आलं. कोठडीत सोमनाथ सूर्यवंशीचा १५ डिसेंबरला मृत्यू झाला. गुन्हा नोंदवण्यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावं लागलं. अशा प्रकरणात शूटिंग असतं तेव्हा निदान बोलायला तोंड राहतं. नसतं तेव्हा 'हृदयविकाराचा झटका' या दोन शब्दांत फाईल बंद करण्याचा प्रयत्न होतो.

पोलीस ठाण्यात कॅमेरे आहेत ना? आहेत. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी आदेश दिला की प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे हवेत आणि रेकॉर्डिंग १८ महिने, किमान एक वर्ष तरी जपलं पाहिजे. आदेश चांगला आहे. पण ते रेकॉर्डिंग ज्यांच्यावर आरोप आहे त्यांच्याच कपाटात असतं. अॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १५अ(१०) सांगतं की या कायद्याखालच्या सर्व कार्यवाहीचं व्हिडिओ चित्रण झालं पाहिजे. डॉ. पायल तडवी प्रकरणात २०१९ मध्ये जामिनाच्या सुनावणीवेळी हे कलम मुंबई उच्च न्यायालयापुढे चर्चेत आलं. ते कलम मागून घेतलं पाहिजे, प्रत्येक वेळी, लेखी अर्ज करून. पण सरकारी चित्रण मागत असताना आपलं स्वतःचं चित्रण सुस्थितीत हवं, नाहीतर ते देतील तेवढंच आपल्याकडे असेल.

आणि इथे आपल्याच मराठवाड्यातला एक खटला प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावा. २०१४ ची जालना विधानसभा निवडणूक. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज वेळ संपल्यावर दाखल झाले, असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला. पुरावा काय? निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं सरकारी व्हिडिओ चित्रण. त्याच्या सीडी मिळाल्या, पण चित्रणासोबत कायद्याने लागणारं प्रमाणपत्र अधिकारी देईनात. वारंवार अर्ज केले, तरी देईनात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र आवश्यकच आहे. पण मूळ यंत्रच, म्हणजे ज्या मोबाईलवर किंवा संगणकावर ते प्रथम साठवलं गेलं तेच, त्याच्या मालकाने साक्षीला उभं राहून न्यायालयात दाखवलं तर प्रमाणपत्राची गरज नाही. गोरंट्याल यांनी सगळे प्रयत्न केले होते म्हणून त्यांना प्रमाणपत्राअभावी अडवलं गेलं नाही.

यात आपल्यासाठी काय आहे ते बघा. आमदारकीच्या उमेदवाराला, वकिलांची फौज असलेल्या माणसाला, अधिकारी प्रमाणपत्र देत नाहीत. मग रेणापूर तालुक्यातल्या मजुराला परदेशातली व्हिडिओ कंपनी देईल? व्हॉट्सअॅपवरून पंचवीस हात फिरून आलेल्या, दाबून दाबून बारीक झालेल्या व्हिडिओचं प्रमाणपत्र कोण देणार? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली जो नमुना आहे, त्यात फाईलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. एक भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा समजा. एसएचए-२५६ पद्धतीने काढला तर ६४ अक्षरांचा येतो आणि फाईलमधला एक ठिपका जरी बदलला तरी अंगठा बदलतो. मूळ फोन जपायचा, फाईल त्याच दिवशी आपल्या सर्व्हरवर उतरवायची, अंगठा काढून वहीत तारखेसह लिहायचा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. हे काम अर्ध्या तासाचं आहे. ते झालं असेल तर उद्या 'व्हिडिओत छेडछाड आहे' असं म्हणणाऱ्याला उत्तर देता येतं.

नेट बंद झाल्यावर

तणावाच्या काळात सरकार पहिलं काय करतं? इंटरनेट बंद करतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आंदोलनाच्या वेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत ते झालं. आंदोलन कुणाचंही असो, बटण सरकारच्याच हातात असतं. त्या दिवशी लाईव्ह जाणारी सगळी चॅनलं मुकी होतात.

विहारातला राऊटर मात्र बंद होत नाही. मोबाईलने शूटिंग करून ते आरटीएमपी पद्धतीने त्याच वायफायवरून सर्व्हरला पाठवता येतं आणि मंडपाबाहेरच्या लोकांना, घरी बसलेल्या म्हाताऱ्यांना आपापल्या मोबाईलवर दिसू शकतं. एका प्रेक्षकाला सेकंदाला २ मेगाबिट धरले तर वीस जणांना ४० मेगाबिट, साधा चांगला राऊटर हे पेलतो. हजार जणांना तो पेलणार नाही, हेही खरं. त्याची मर्यादा वस्तीएवढी आहे. पण फाईल तिथे साठलेली राहते आणि नेट आल्यावर जगाला दाखवता येते.

आक्षेप

पहिला आक्षेप : यूट्यूब फुकट असताना हा उपद्व्याप कशाला? आम्ही यूट्यूब सोडा असं म्हणत नाही. जगापर्यंत जायला ते वापरलंच पाहिजे. पण ते दुकानाचं फळकूट आहे, गोदाम नव्हे. तिथे भीमगीताच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ टाकला तर चालीवर कुणीतरी हक्क सांगतं आणि आवाज बंद होतो. अत्याचाराचं चित्रण टाकलं तर यंत्र ते 'हिंसक' ठरवून काढतं. दाद मागायला समोर माणूसच नसतो. मूळ प्रत आपल्या घरी असेल तर त्यांनी काढलं तरी आपलं काही जात नाही.

दुसरा आक्षेप : पैसा कुठून आणायचा? हा प्रश्न जो समाज जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेवर हजारो, कुठे कुठे लाखो उधळतो, त्याने विचारू नये. एका डीजेच्या पैशात डिस्क, कॅप्चर यंत्र आणि इन्व्हर्टर येऊन पैसे उरतील. डीजे रात्री बाराला बंद होतो आणि दुसऱ्या दिवशी फक्त कान दुखतात.

तिसरा आक्षेप गंभीर आहे : घरी सर्व्हर ठेवला आणि पोलीस उचलून घेऊन गेले तर? किंवा कुणी आत घुसून नको ते ठेवलं तर? ही भीती काल्पनिक नाही. भीमा-कोरेगाव प्रकरणात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची तपासणी करणाऱ्या अमेरिकेच्या आर्सेनल कन्सल्टिंग कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल दिला की बाहेरून घुसखोरी करून त्यात कागदपत्रं पेरली गेली होती. म्हणून आम्ही काही गोष्टी ठामपणे सांगतो. हा सर्व्हर इंटरनेटसाठी उघडायचा नाही. तसंही आज बहुतेक कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच पत्त्याआड ठेवतात, त्यामुळे बाहेरून थेट पोचणं अवघडच असतं; ही गैरसोय आपल्या पथ्यावर पडू द्यावी. त्यावर मेल बघायची नाही, खेळ टाकायचे नाहीत, अनोळखी पेनड्राईव्ह लावायचा नाही. तीन प्रती ठेवायच्या, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या गावात. रेणापूरची प्रत लातूरला किंवा नांदेडला, नांदेडची रेणापूरला. एकाच पेटीतल्या दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत. पेटी गेली की दोन्ही गेल्या. आणि पोलीस आलेच तर जप्तीचं चित्रीकरण करणं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने आता बंधनकारक केलं आहे, ते मागायचं आणि डिस्कचं हॅश मूल्य पंचनाम्यात लिहायला लावायचं.

चौथा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून आम्हीच विचारतो : पासवर्ड कुणाकडे राहणार? आपल्याकडे प्रत्येक मंडळात अध्यक्ष पुरुष, खजिनदार पुरुष, कॅमेरा पुरुषाचा. मोर्चात पुढे बायका, शूटिंगमध्ये मंचावरचे पुढारी. सर्व्हरही एखाद्या पुढाऱ्याच्या घरी गेला तर तो उद्या त्याच्या गटाचा होईल आणि दुसऱ्या गटाचं शूटिंग हळूच गायब होईल. गटबाजीने आपली किती कार्यालयं, किती अंकांच्या फाईली गिळल्या ते आपण जाणतो. म्हणून पासवर्ड तीन जणांकडे, त्यात निदान दोन महिला, आणि वही सगळ्यांना उघडी. पुसण्याचा अधिकार एकट्या कुणालाच नाही.

आणि एक बंधन स्वतःवरही घालून घ्यावं. अत्याचार झालेल्या मुलीचा, रडणाऱ्या आईचा व्हिडिओ आपलीच माणसं 'न्याय मिळाला पाहिजे' असं लिहून शंभर ग्रुपवर टाकतात. पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी ते चूकच असतं. आपला सर्व्हर असण्याचा एक मोठा फायदा हाच की पुरावा जपता येतो आणि तो चव्हाट्यावर न मांडता वकिलापर्यंत नेता येतो. काय दाखवायचं आणि काय कुलपात ठेवायचं हे तिने ठरवायचं.

आता काय करायचं

सभा, ठराव, समिती यांची वाट बघू नका. येत्या १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, आपल्या तालुक्यात एक आवाहन करा : ज्यांच्या घरी नामांतराच्या काळातली, जयंतीची, धम्मदीक्षेची, जलशाची कॅसेट असेल त्यांनी ती घेऊन यावं. कॅसेट ठेवून घेऊ नका. पावती द्या, उतरवा, मूळ कॅसेट आणि पेनड्राईव्हवर एक प्रत घरच्यांना परत करा. विश्वास असाच बसतो. आयटीआयला आणि पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींना हे काम द्या. निळा झेंडा धरायला जे हात लागतात, तेच हात वायर जोडायलाही लागतात. औसा, उदगीर, अहमदपूर, लोहा, कंधार, नायगाव, प्रत्येक ठिकाणी असा एक संगणक उभा राहिला आणि त्यांनी एकमेकांच्या प्रती सांभाळल्या, तर एखाद्या पहाटेचा बुलडोझर किंवा एखाद्या कंपनीचं एक बटण आपला इतिहास पुसू शकणार नाही.

पोचीराम कांबळेंच्या गावात १९७८ ला कॅमेरा नव्हता. आज तो प्रत्येकाच्या खिशात आहे. उद्या आपल्या नातवंडांनी विचारलं की मग तुमच्याकडे काय आहे, तर 'अकाउंट बंद झालं' हे उत्तर चालणार नाही.

जय भीम!